घरांतील तंबाखू आणि वाशीमचा अभ्यासवर्ग

"आमच्या घरांत तंबाखूस कोणी शिवत नाहीं," असें आम्ही आजवर मोठ्या अभिमानानें सांगत आलों. घर वाशीमचें, बालाजीच्या देवळापासून हांकेच्या अंतरावरचें. लहानमोठीं चौदा माणसें अद्याप एका चुलीवर जेवणारीं. वडिलांनीं उभ्या जन्मांत विडी तोंडीं धरली नाहीं. एखादा पाहुणा ओसरीवर सिगारेट पेटवूं लागला, तर आमचे थोरले बंधु दादा त्यास अदबीनें अंगणाबाहेरची वाट दाखवीत. तेव्हां गेल्या हिंवाळ्यांत एका रात्रीं, जेवणें आटोपल्यावर, दादांच्या सूनबाईनें सर्वांस माजघरांत बसवून हातांत प्रश्नपत्रक घेतलें, त्या वेळीं आम्हांस मौज वाटली. धास्ती वाटण्याचें कारणच नव्हतें.

सूनबाई दंतवैद्य असून सरकारी नोकरींत आहे. तंबाखू-नियंत्रणाचें शिक्षण घेऊन ती नुकतीच परतली होती, आणि दुसऱ्या दिवशीं वाशीमांत भरणाऱ्या अभ्यासवर्गांत शिक्षक, पोलीस, ग्रामसेवक व आरोग्यसेविका यांस 'प्रश्न कसा विचारावा' हा विषय तिला शिकवावयाचा होता. त्याची तालीम ती घरच्या माणसांवर करीत होती.

"काका, आपल्या घरांत तंबाखूचें सेवन कोणी करतें का?" तिनें प्रथम आम्हांसच विचारलें.

"छे! भलतेंच काय विचारतेस?" आम्ही म्हणालों.

तिनें शांतपणें 'नाहीं' अशी नोंद केली, पान उलटलें, आणि पिशवींतून लहान लहान चित्रें काढून सतरंजीवर मांडलीं. विडी, सिगारेट, जर्दा, किमाम, खर्रा, गुटखा, तपकीर, मिश्री. "आतां तंबाखूचें नांवच घेत नाहीं. यांपैकीं कोणती वस्तु कोणी रोज किंवा कधींमधीं वापरतें, एवढेंच सांगा."

आमच्या आत्या चौऱ्यायशीं वर्षांच्या. ऐन पंचविशींत वैधव्य येऊन त्या माहेरीं आल्या आणि या घराचा आधार होऊन राहिल्या. त्यांनीं एका चित्रावर बोट ठेवलें. "ही मिश्री मी लावतें. पण ती कांहीं तंबाखू नव्हे, हो! तंबाखू पुरुष खातात. ही दांतांची. पहाटे एकदां, दुपारच्या जेवणावर एकदां, निजतांना एकदां. त्यावांचून पोट साफ होत नाहीं."

"आणि ती करतां कशाची, आत्याआजी?"

"कशाची म्हणजे? तंबाखू तव्यावर काळी होईतों भाजायची, नि बारीक वाटून..." एवढें बोलून आत्या थांबल्या, आणि सारें माजघर हंसलें.

तें हंसूं फार वेळ टिकलें नाहीं. दादांची पोथीशेजारीं ठेवलेली चांदीची तपकिरीची डबी निघाली. ती आजोबांपासून चालत आलेली. आमचा सणावारीं विड्यास लागणारा किमाम निघाला. धाकट्या पुतण्याचा सतरा वर्षांचा मुलगा पाणी पिण्याच्या मिषानें उठून गेला. सूनबाईनें तें पाहिलें, पण कांहीं लिहिलें नाहीं. "मुलांना वडीलधाऱ्यांच्या देखत विचारलें म्हणजे उत्तर मिळतें, खरें उत्तर मिळत नाहीं," ती मागाहून म्हणाली. "त्याला मी एकट्याला विचारीन, आणि तो काय सांगेल तें तुम्हांलाही सांगणार नाहीं."

पहिल्या प्रश्नानें आमचें घर निर्व्यसनी ठरलें होतें. दुसऱ्यानें तिघे सांपडले, आणि चौथ्याविषयीं संशय उरला. वस्तु त्याच, माणसें तींच. बदलला तो केवळ विचारण्याचा प्रकार. एका घराची जर ही कथा, तर लाखों घरांच्या पाहणींत चुकीच्या प्रश्नानें केवढी चूक होत असेल, हा विचार आम्हांस त्या रात्रीं स्वस्थ झोंपूं देईना.

दुसऱ्या दिवशीं वर्गचालकांच्या परवानगीनें आम्ही मागच्या बांकावर जाऊन बसलों. वाशीम म्हणजे वाकाटकांचें वत्सगुल्म. इंग्रजी अमदानींत हा वऱ्हाडचा स्वतंत्र जिल्हा होता. 1905 सालीं तो मोडून त्याचे तालुके अकोला व यवतमाळ यांस जोडले गेले, आणि 1 जुलै 1998 रोजीं अकोल्यांतून तो पुन्हां वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगांव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा असे सहा तालुके. 2011 च्या शिरगणतींत वस्ती सुमारें बारा लाख. केंद्र सरकारनें 2018 सालीं विकासांत मागें राहिलेले जे 'आकांक्षित' जिल्हे निवडले, त्यांत महाराष्ट्राच्या चारांमध्यें वाशीमचें नांव आहे. अशा जिल्ह्यानें रस्ते, पाणी व शाळा सोडून तंबाखूच्या मागें कां लागावें, अशी शंका आमच्या मनांत होती. व्याख्यात्यानें तिचें उत्तर न विचारतांच दिलें. मुखाचा कर्करोग बहुधा कर्त्या वयांत गांठतो, उपचार दूरच्या शहरीं करावा लागतो, आणि त्या प्रवासाचा पहिला टप्पा सावकाराच्या दारावरून जातो. मागासलेपण व तंबाखू हे दोन निराळे विषय नव्हेत.

असे वर्ग कांहीं कोणाच्या लहरीवर निघालेले नाहींत. 21 मे 2003 रोजीं जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेनें तंबाखू-नियंत्रणाचा आंतरराष्ट्रीय करार संमत केला; भारतानें त्यास 2004 च्या फेब्रुवारींत मान्यता दिली, आणि 2005 च्या फेब्रुवारींत तो अमलांत आला. त्याच्या बाराव्या कलमांत आरोग्यसेवक, समाजसेवक, शिक्षक, वृत्तपत्रव्यवसायी, अधिकारी व धोरण ठरविणारे या सर्वांस यथायोग्य शिक्षण द्यावें असें स्पष्ट म्हटलें आहे. विसाव्या कलमांत संशोधनाची जबाबदारी सांगितली आहे. आपला कायदाही 2003 सालचाच. पुढें 2007-08 पासून राष्ट्रीय तंबाखू-नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, व त्यांत जिल्ह्याजिल्ह्यांस स्वतंत्र कक्ष नेमण्याची व शिक्षणवर्ग भरविण्याची योजना आली.

परंतु या विद्येचें मूळ परक्या देशांत आहे असें मात्र कोणीं समजूं नये. टाटा स्मारक रुग्णालय मुंबईस 1941 सालीं उघडलें. तेथील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं मुखकर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा 1944 सालीं प्रसिद्ध केला. 1955 सालीं डॉ. संघवी, राव व खानोलकर यांनीं तंबाखू ओढणें व चघळणें यांचा तोंड, घसा व अन्ननलिका यांच्या कर्करोगाशीं असलेला संबंध रुग्णांचे आंकडे मांडून दाखविला. रुग्णालयांत आलेल्यांवरून गांवाची स्थिति कळत नाहीं, म्हणून टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागानें डॉ. फली मेहता यांच्या पुढाकारानें 1966 नंतर पुणें जिल्ह्यांत खेड्याखेड्यांतून, घरोघर जाऊन, 1,01,761 ग्रामस्थांचीं तोंडें तपासलीं. त्याचा वृत्तान्त 1972 सालीं प्रसिद्ध झाला. मिश्री ही आमच्या मराठी बायकांची घरगुती, निरुपद्रवी म्हणून समजली गेलेली चीज त्या पाहणींत शास्त्राच्या वहींत आली. त्याच विभागाच्या पुढील कामांत डॉ. प्रकाश गुप्ता प्रभृतींनीं केरळ, गुजरात व आंध्र येथील छत्तीस हजार तंबाखू सेवन करणाऱ्यांस निव्वळ समजूत घालून, पुन्हां पुन्हां भेटून, व्यसन सोडविण्याचा प्रयोग केला. 1986 सालीं त्याची हकीकत जगापुढें आली. समजूत घातल्यानें कांहीं माणसें व्यसन सोडतात, आणि सोडलें म्हणजे तोंडांतील कर्करोगपूर्व चट्टे कमी होतात, हें त्यांतून दिसलें. उपदेश वायां जातो असें म्हणणाऱ्यांस हें उत्तर आहे. मात्र तो उपदेश शिकलेल्या माणसानें, तपासणीचा आरसा हातांत घेऊन, वारंवार केलेला होता.

दुसरें व्याख्यान आंकड्यांचें होतें. तें कंटाळवाणें होईल अशी आमची अटकळ होती, ती खोटी ठरली. पंधरा वर्षांवरील लोकांची जी मोठी पाहणी देशभर झाली, तींत महाराष्ट्रांत तंबाखू सेवन करणारांचें प्रमाण 2009-10 सालीं शेंकडा 31.4 होतें, तें 2016-17 सालीं शेंकडा 26.6 वर आलें. उतार झाला, ही आनंदाची गोष्ट. पण त्या सव्वीसांत धूर काढणारे सुमारें चार. बाकीच्यांचा बहुतेक सारा भरणा खाणारे, चघळणारे, लावणारे व हुंगणारे यांचा. शंभर स्त्रियांत सुमारें सतरा तंबाखू वापरतात, आणि त्यांचें सेवन चार भिंतींच्या आंत चालतें. तेव्हां 'धूम्रपान निषिद्ध' अशी पाटी लावून कर्तव्य आटोपलें असें मानणारा अधिकारी महाराष्ट्राच्या रोगाच्या कडेकडेनें फिरतो. रोगाचें घर निराळेंच आहे. आमचे दादा पाहुण्यास अंगणाबाहेर काढीत, तेव्हां त्यांच्याच उपरण्याच्या गांठीस तपकिरीची डबी होती, याची आम्हांस तेथें बसल्या बसल्या आठवण झाली.

कायद्याचा भाग एका पोलीस अधिकाऱ्यानें शिकविला. सार्वजनिक जागीं धूम्रपान केल्यास दोनशें रुपयांपर्यंत दंड; जाहिरातीस मनाई; अठरा वर्षांखालील मुलांस विक्री नाहीं; शाळा-महाविद्यालयाच्या शंभर यार्डांच्या आंत विक्री नाहीं. हें तोंडपाठ करणें सोपें. दुपारीं मात्र सर्वांस मोजपट्टी घेऊन जवळच्या एका शाळेपाशीं नेण्यांत आलें. फाटकापासून पट्टी ताणली, तों पहिलाच पानठेला सत्तर यार्डांवर भरला. ठेलेवाला वयस्क गृहस्थ होता. तो रागावला नाहीं. म्हणाला, "साहेब, माझा ठेला आधीचा, तुमची शाळा मागाहून आली. मी उठतो, पण उद्यां घरीं चूल कशावर पेटवूं तें सांगून जा." वर्गांतील कोणासही चटकन उत्तर सुचलें नाहीं. आमच्या मतें त्या दिवसाचा खरा धडा तोच होता. कायदा खरा, मुलांचें हित त्याहून खरें. पण अंमलबजावणी करणारानें हातावरच्या पोटाचा विचार केला नाहीं, तर ठेला आज उठतो आणि आठ दिवसांनीं दुसऱ्या कोपऱ्यावर बसतो. त्या ठेलेवाल्यास ठेला दूर नेण्यास मुदत द्यावी, तंबाखूवांचूनचा माल ठेवण्यास मदत करावी व नगरपालिकेनें जागा द्यावी, असा ठराव वर्गानें संध्याकाळीं लिहून काढला.

धोरण आंखतांना अर्धवट तयारी कशी भोंवते, याचें उदाहरण आपल्याच राज्याचें दिलें गेलें. महाराष्ट्रानें 2002 सालीं गुटख्यास बंदी केली. 2004 सालीं ती सर्वोच्च न्यायालयांत टिकली नाहीं, कारण ज्या अधिकाराखालीं ती काढली तो अधिकारच अपुरा ठरला. पुढें 2006 चा अन्नसुरक्षा कायदा झाला. अन्नांत तंबाखू वा निकोटीन मिसळतां कामा नये असा नियम 2011 सालीं आला. आणि त्या भक्कम पायावर 2012 च्या जुलैंत राज्यानें पुन्हां बंदी घातली. दहा वर्षें गेलीं तीं कायद्याचा पाया घालण्यांत. तोंवर किती तरुणांचे जबडे आंखडले असतील! आणि बंदीनंतरही धंद्यानें सुपारीची पुडी निराळी व तंबाखूची निराळी विकून त्या दोन गिऱ्हाइकाच्या तळहातावर एकत्र करविल्याच. खऱ्र्याचें तर वेष्टनच नसतें. पुडीवरील कर्करोगाचें चित्र 2016 पासून वेष्टनाचा शेंकडा 85 भाग व्यापतें. पण ठेल्यावर घोटून प्लास्टिकच्या तुकड्यांत बांधून दिलेल्या खऱ्र्यावर तें छापणार कोठें?

रिसोडकडील एका शिक्षकानें भाबडेपणानें विचारलें कीं, तंबाखूच्या व्यापाऱ्यानें शाळेस संगणक दिले तर घ्यावेत कीं नाहीं? उत्तर मिळालें कीं, घेऊं नयेत. आंतरराष्ट्रीय कराराच्या पांचव्या कलमांतच सांगितलें आहे कीं, आरोग्याचें धोरण तंबाखूच्या धंद्याच्या हितसंबंधांपासून अलिप्त राखावें. संशोधकानेंही त्या पैशावर अभ्यास करूं नये. ज्याचें मीठ खावें त्याच्याविरुद्ध लेखणी चालत नाहीं, हें जुनें शहाणपणच तेथें कलमबद्ध झालें आहे.

आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांच्या घरांशीं निकट संबंध असलेली आहे, म्हणून ती लिहिणें प्राप्त आहे. नुसती सुपारीही निर्दोष नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें 2004 सालीं प्रसिद्ध केलेल्या निर्णयांत तिला माणसांत कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या वर्गांत घातलें आहे. सतत चघळल्यानें गालाचें आंतलें अस्तर ताठ होत जातें, तिखट सोसत नाहीं, आणि तोंड उघडेनासें होतें. स्वतःचीं तीन बोटें उभीं धरून तीं दांतांच्या मध्यें जातात कीं नाहीं, हें प्रत्येकानें पाहावें. ज्या सुपारीस आपण गणपति म्हणून पाटावर मांडतों तिची पूजा खुशाल चालूं द्यावी. ती देवापुढेंच राहावी, आणि जेवणानंतर तबकांत बडीशेप व वेलदोडा यावा, एवढेंच आमचें म्हणणें.

शेवटचा तास सूनबाईचा होता. व्यसन सोडविणें हेंही शिकण्याचें काम आहे, हें तिनें पांच पायऱ्यांनीं समजाविलें: प्रत्येकास विचारा, सोडण्याचा सल्ला स्पष्ट द्या, त्याची तयारी अजमावा, साहाय्य करा, आणि पुन्हां भेटीचा दिवस ठरवा. तलफ येते ती कांहीं मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी प्यावें, दीर्घ श्वास घ्यावा, हात कशांत तरी गुंतवावे. पहिला आठवडा कठीण, पुढें उतार. निकोटीनचा डिंक वैद्याच्या सल्ल्यानें घेतां येतो. 1800-11-2356 या सरकारी क्रमांकावर फुकट सल्लाही मिळतो. "आणि घसरला तर रागावूं नका," ती म्हणाली. "बहुतेक माणसें एकदां सोडून सुटत नाहींत."

हें सारें ऐकून आम्ही घरीं आलों, तों ओटीवर निराळाच प्रसंग उभा. सूनबाईनें सकाळीं निघण्यापूर्वीं विजेरी घेऊन आत्यांचें तोंड तपासलें होतें. खालच्या ओठाच्या आंत, जेथें मिश्रीचें बोट दिवसांतून तीन वेळां फिरे, तेथें नखाएवढा पांढरा, खरखरीत चट्टा होता. आत्यांस तो ठाऊक होता. पूर्वीं एका दवाखान्यांत त्यांनीं तो दाखविलाही होता. तेथें मलम मिळालें, मिश्रीविषयीं मात्र कोणीं एका शब्दानें विचारलें नाहीं. विचारावें असें त्या वैद्यास कधीं कोणीं शिकविलेंच नसावें. त्यास दोष देऊन आम्हांस काय मिळणार? त्यांच्या मांडीवर वाढलेल्या आम्हीं तरी कधीं विचारलें होतें?

चट्ट्याचा तुकडा काढून तपासण्यास पाठविला. उत्तर येईपर्यंतचे दिवस घरांत कोणी मोठ्यानें बोललें नाहीं. आत्या मात्र नित्याप्रमाणें देवपूजा करीत, आणि पहाटे कोनाड्याकडे गेलेला हात मागें घेत. उत्तर आलें: कर्करोग नाहीं, परंतु दुर्लक्ष करण्याजोगेंही नाहीं. मिश्री कायमची बंद, आणि दर तीन महिन्यांनीं तपासणी.

त्यास आज पांच महिने झाले. आत्या दोनदां घसरल्या, आणि दोन्ही वेळां स्वतः होऊन सूनबाईस सांगितलें. पोटासाठीं आतां पहाटे कोमट पाणी व रात्रीं भिजविलेल्या मनुका चालतात; कुरकूर संपलेली नाहीं. तपासणींत चट्टा थोडा आकसलेला दिसतो. पुढें काय होईल तें सांगतां येत नाहीं. दादांनीं तपकिरीची डबी रिकामी करून तींत अष्टगंध ठेविलें आहे. आमचा किमाम गेला, त्याचें आम्हांस वाटलें होतें तितकें दुःख झालें नाहीं. त्या मुलानें सूनबाईस काय सांगितलें तें आम्हांस कळलें नाहीं, व आम्ही विचारीतही नाहीं; पण हल्लीं तो संध्याकाळीं तिच्या खोलींत जाऊन बसतो, एवढें दिसतें.

वाचक हो, जिल्ह्याच्या ठिकाणीं असा वर्ग भरला, तर तो सरकारी खात्याचा उपचार म्हणून सोडूं नका. आपल्या घरांतील शिक्षक, वैद्य, वकील वा सरकारी नोकर यांस तेथें आग्रहानें पाठवा. शिकून आलेल्या माणसानें काय फरक पडतो तें आम्हीं आमच्या माजघरांत पाहिलें आहे. आणि वर्ग भरण्याची वाट न पाहतां आज रात्रीं जेवणानंतर घरांतल्या वडील बायकांपाशीं बसा, व त्या दांतांस काय लावतात तें प्रेमानें विचारा. तंबाखूचें नांव मात्र प्रथम काढूं नका.